कच्चा बोल्ट



यंत्र हा शब्द उच्चारताच आपल्या मनासमोर कारखान्याची धुराडी उभी राहतात. परंतु आपल्या समाजातील पुष्कळ लोकांचा यंत्राशी अगदी अंगलटीचा संबंध येतो तो कारखान्यात नव्हे. तो खेड्यातील घराच्या परसात, चार पत्र्यांच्या छपराखाली येतो. आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे ते अशाच छपराखालचे आहे. ट्रॅक्टरच्या जोरावर चालणारे आणि झाडांच्या फांद्या, तुराट्या, काटक्या यांचा बारीक चुरा करणारे हे यंत्र. त्याला कोणी चिपर म्हणतात, कोणी श्रेडर, तर कोणी सरसकट कुट्टीच म्हणून मोकळे होतात. ते विकत आणावे आणि मग घरच्या घरी आपल्या गरजेप्रमाणे त्यात फेरफार करावेत, ही गोष्ट हरहुन्नरी शेतकऱ्याच्या हातून सहज घडते. तिने घडावे की नाही, हा आजचा प्रश्न नाही, ती घडणारच. ती कोणत्या क्रमाने घडावी, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

उदाहरणादाखल आपण धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव डोळ्यांपुढे ठेवू. तेरणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर नगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात, येथील कापड व इतर माल गाड्यांत घालून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदरापर्यंत नेला जाई, असा उल्लेख आहे. गावातील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात मातीच्या, शंखाच्या व हस्तिदंताच्या कामाचे जे नमुने आहेत ते पाहिले, म्हणजे हाताच्या कौशल्याची परंपरा या भूमीत किती जुनी आहे याची साक्ष पटते. आणि संत गोरोबा तर येथलेच. जातीने व व्यवसायाने कुंभार. त्यांच्याकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

या भागात पाऊस बेताचा व बेभरवशाचा. तुरीचे पीक निघाले की तुराट्यांचे ढीग बांधावर पडतात. शिवाय बाभळीच्या छाटलेल्या फांद्या असतातच. चुलीची जागा गॅसने घेतल्यापासून या सरपणाची मातब्बरी कमी झाली, आणि पुष्कळ ठिकाणी ते काडी लावून पेटवून देण्यात येते. त्याच सरपणाचा चुरा करून झाडांच्या बुंध्याशी पसरला, तर जमिनीची ओल उन्हाने उडून जात नाही आणि कालांतराने त्याचे खतही होते. मात्र तो ताजा चुरा मातीत गाडू नये, वर पसरावा; कारण लाकूड कुजताना मातीतील नत्र काही काळ ओढून घेते आणि पीक पिवळे पडते. सारांश, यंत्राची गरज खरी आहे. चैनीचा हा विषय नव्हे.

या यंत्राचा पूर्वज आपल्या महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईतील व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावास आपले बस्तान हलविले. सायकलींच्या दुकानापासून आरंभ झालेल्या त्या धंद्यातून शेतीसाठी जी पहिली वस्तू बाहेर पडली, ती म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. लोखंडी नांगराचा क्रम त्यानंतरचा, आणि किर्लोस्करवाडीची स्थापना तर १९१० सालची. हाताने फिरवावयाच्या त्या यंत्राची रचना मोठी सुबोध असते: एक जड चाक, त्याच्या आऱ्यांवर बसविलेली पाती, आणि पात्यांसमोर कडबा सरकविण्याची पन्हळ. एकाने चाक फिरवावे, दुसऱ्याने घास घालावा.

या जुन्या यंत्रात एक गुण असा होता की जो त्याच्या रचनाकाराला कागदावर मांडण्याची गरजच पडली नाही. मनुष्य सतत काम करू लागला तर सुमारे एक दशांश अश्वशक्ती देऊ शकतो. पन्हळीत गाठाळ धांडा अडकला, अथवा दुर्दैवाने बोट जाऊ लागले, तर चाक फिरविणाऱ्या हाताला तो अडथळा तत्काळ जाणवे, कानावर ओरड येई, आणि हात थांबे. तोही पुरेसा नसे. बोटे त्याही यंत्रांनी तोडली आहेत. तरी पण जोर लावणारा हात हीच त्या यंत्राची दया होती.

आता त्याच पात्यांमागे ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जोडा. म्हणजे चाक फिरविण्यास साडेचारशे माणसे उभी केली, आणि त्यांपैकी एकालाही डोळे नाहीत, कान नाहीत. शक्ती शेकडो पटींनी वाढली, दया मात्र शून्य झाली. ती दया लोखंडात पुन्हा घडवावयाची, हेच यंत्र सुधारणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

ही दया घडविण्याचा एक जुना व स्वस्त उपाय आहे. ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा असतो, ज्याला सर्वत्र पी. टी. ओ. म्हणतात, त्याच्या व यंत्राच्या जोडावर एक बोल्ट मुद्दाम कमी ताकदीचा बसवितात. यंत्रात दगड किंवा जाड गाठ अडकली की हा बोल्ट तुटतो, आणि दांडा, दंतचक्रे व पाती वाचतात. परंतु हंगामाच्या घाईत हा बोल्ट दोनदा तुटला की तिसऱ्यांदा त्या जागी पक्क्या पोलादाचा बोल्ट ठोकण्याचा मोह अनावर होतो. मग बोल्ट तुटावयाचा थांबतो, आणि एके दिवशी दुसरेच काहीतरी तुटते.

गोरोबांची ती कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून त्यांनी थापटणे हाती घेतले आणि प्रत्येकाच्या मस्तकावर ठोकून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे याची परीक्षा केली. नामदेवरायांचे मडके कच्चे ठरले. ठोकून पाहण्याची ही कुंभाराची रीत यंत्रविद्येतही आहे. ओतीव चाकाला तडा गेला असेल तर हातोडीच्या टोल्याला खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज येतो. यंत्राचा प्रत्येक अवयव या परीक्षेत पक्का उतरला पाहिजे. अपवाद एकाच अवयवाचा. तो बोल्ट कच्चाच हवा, आणि निर्मात्याने सांगितलेल्या मापाचा व प्रतीचाच हवा. तो वारंवार तुटत असेल, तर दोष बोल्टाचा नसून बोथट पात्यांचा किंवा कुवतीबाहेरच्या घासाचा आहे, असे समजावे.

दुसरा मोह वेगाचा. पुली बदलली की फेरे वाढतात आणि काम झपाट्याने उरकते, हे खरे. परंतु फेरे दुप्पट झाले म्हणजे बाहेर फेकणारा ओढा दुप्पट होत नाही, चौपट होतो. मध्यापासून ३० सेंटिमीटर अंतरावर एक किलो वजनाचे पाते बसविले आहे असे धरा. मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या गतीला ते पाते आपल्या बोल्टांना सुमारे १०० किलोच्या भाराने ओढते. फेरे १०८० केले की तोच भार ४०० किलोंच्या घरात जातो. बोल्ट मात्र तेच, आणि चकतीही तीच. असे पाते सुटले तर ते कोणाच्या दिशेने जाईल हे सांगता येत नाही. म्हणून निर्मात्याने ठरविलेला वेग ओलांडू नये. वेगाने जे साधावयाचे ते पात्याच्या धारेने साधावे.

पात्यांच्या बाबतीत गावोगावी ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरण्याची कल्पना पुढे येते. पोलाद चांगलेच असते. परंतु त्याला पाणी देणे ही लोहाराची खरी कसोटी. लाल तापवून थंड पाण्यात बुडविलेले पाते काचेसारखे ठिसूळ होते व गाठीवर आपटून उडते. ते तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठरपणा उतरवावा लागतो. तसेच तयार पात्याजवळ वेल्डिंग केले की त्याचे पाणी उतरते. हे शास्त्र हाती नसेल तर पाती विकतच घ्यावीत. फिरते पाते व स्थिर पाते यांतील फट सुमारे एक मिलिमीटर, अथवा निर्मात्याने सांगितली असेल ती, राखली म्हणजे लाकूड कापले जाते. ती वाढली की ते चिरडते, अडकते, आणि मग घास घालणारा ते हाताने ढकलू लागतो. अपघाताचा जन्म बहुधा येथे होतो.

घास ओढणारे रूळ मिनिटाला ३० मीटर फांदी आत घेत असतील, तर सेकंदाला अर्धा मीटर झाले. धोका ध्यानी येऊन हात मागे घेण्यास मनुष्याला निदान पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत अडकलेला हात १२ सेंटिमीटर आत गेलेला असतो. म्हणजे बोटे संपून तळहात लागलेला असतो. म्हणून घरी करावयाचा सर्वांत उपयुक्त बदल म्हणजे पन्हळ लांबविणे. आपल्या देशात मळणी यंत्रांसाठी जे सुरक्षेचे प्रमाण ठरले आहे, त्यात पन्हळीची लांबी निदान ९०० मिलिमीटर व त्यांपैकी ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे सांगितले आहे. हात पुरा लांबविला तरी पात्यापर्यंत पोचू नये, एवढाच त्याचा अर्थ. चिपरलाही तोच न्याय लावावा. आणि पन्हळीच्या तोंडाशी असा आडवा दांडा ठेवावा की शरीराचा दाब पडताच रूळ थांबतील.

त्याच पंक्तीत पी. टी. ओ. दांड्यावरील आवरण येते. सात सेंटिमीटर जाडीचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेताना सेकंदाला जवळजवळ दोन मीटर कापड स्वतःभोवती गुंडाळू शकतो. नऊवारी लुगडे चार सेकंदांत संपते. फुटलेले आवरण बदलण्यास जो खर्च येतो तो या हिशेबासमोर मांडून पाहावा.

दिल्लीच्या आय. आय. टी.मधील प्रा. दिनेश मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उत्तर भारतातील खेड्यांत कुट्टी यंत्रांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की यंत्र बंद असताना चाकाशी खेळणारी मुलेही त्यात जायबंदी होतात. म्हणून त्यांनी सुचविलेले उपाय अगदी साधे होते: पात्यांना झाकण, पन्हळीत हाताला सावध करणारा एक रूळ, आणि काम संपल्यावर चाक जखडून ठेवणारी खीळ. यांतील कोणताही उपाय गावच्या कारागिराच्या आवाक्याबाहेरचा नाही. चिपरची जड चकती तर ट्रॅक्टर बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते. ती पूर्ण थांबून खीळ घातल्याखेरीज झाकण उघडू नये, हा नियम घरातील लहानथोर सर्वांस पाठ असला पाहिजे.

१९८३ साली केंद्रशासनाने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो प्रामुख्याने मळणी यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून. पण कायद्याचा हात कारखानदारापर्यंत जितका पोचतो तितका परसातील छपरापर्यंत पोचत नाही. ज्याने यंत्र बदलले तो त्याचा नवा निर्माता झाला, आणि निर्मात्याचे उत्तरदायित्वही त्याच्याकडे आले.

आणि येथेच, शहरात राहूनही ज्यांचे भाऊबंद गावी शेती करतात अशा आपणांस माझे एक मागणे आहे. यंत्रात बदल करतो तो बहुधा मालक, ट्रॅक्टरवर बसतो तो त्याचा मुलगा किंवा चालक. पन्हळीपाशी उभी असते ती मात्र रोजाने आलेली बाई किंवा गडी. वेग वाढल्याचा लाभ एकाला आणि धोका दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे. आपण गावी जाल, तेव्हा नव्या यंत्राची तारीफ करण्यापूर्वी एवढे विचारा: पन्हळ किती लांब आहे, दांड्यावर आवरण आहे काय, आणि तो कच्चा बोल्ट जागेवर आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर खुशाल पुढील सुधारणांचा विचार करावा. न मिळाली, तर यंत्र त्या दिवशी बंद ठेवावे. तुराट्या काही पळून जात नाहीत.