नवशिक्याच्या हातीं अंतराळयान

श्रोतेहो, दौंड जंक्शनावर इंजिन गाडीस जोडतांना आपण पाहिलें असेल. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचें इंजिन पूर्वीं तेथें काढून दुसऱ्या टोकास लावावें लागे. तें अवजड धूड मुंगीच्या पावलानें डब्यास भिडे. उतावीळपणा झाला असता तर आंतला उतारू बांकावरून खालीं पडला असता. आज मी ज्या खेळाविषयीं बोलणार आहें तो याच कसबाचा आहे. मात्र त्यास रूळ नाहींत आणि ब्रेकही नाहीं.

स्पेस-एक्स या अमेरिकन कंपनीनें २०२० सालच्या मे महिन्यांत हा खेळ संगणकावर सर्वांस विनामूल्य खुला केला. ड्रॅगन नांवाचें यान आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकास जोडावयाचें, एवढेंच त्यांतलें काम. पडद्याच्या एका अंगास यानाचें तोंड वळविणारीं बटनें असतात. दुसऱ्या अंगास यान वर-खालीं, उजवी-डावीकडे व पुढें-मागें सरकविणारीं. मधोमध हिरवे आंकडे दिसतात. ते सर्व ०.२ च्या आंत आणून यान टेकविलें तर तें जुळतें, एरवीं फसतें.

माझी नात दौंडास असते. दिवाळीच्या सुटींत ती शिरुरास आली असतां हा खेळ खेळूं लागली. एकदां बटन दाबलें कीं यान चालूं लागे. बोट काढलें तरी थांबेना. ती घाबरून दहा वेळां दाबी आणि यान स्थानकावर जाऊन आदळे. मीं अधीर होऊन तिच्या हातांतला माऊस घेतला व स्वतःच यान सरळ केलें. ती मुकाट्यानें उठली आणि चार दिवस संगणकाकडे फिरकली नाहीं.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. तीस वर्षें मुलांचा हात धरून पाटीवर अक्षरें गिरवून घेतलीं. त्या चार दिवसांत मनांत येऊं लागलें कीं, आपण किती मुलांचा हात गरजेपेक्षां अधिक काळ धरून ठेवला असेल!

पांचव्या दिवशीं मीं दोन्ही हात पाठीमागें बांधले व तिला म्हटलें, "आज जोडावयाचें नाहीं. नुसतें एकदां पुढें दाब, आणि मग थांबवून दाखव." घोडनदींत होडी लोटली तर वल्हें उचलल्यावरही ती कांहीं अंतर जाते, परंतु पाण्याचा अडथळा तिला अखेर थांबवितो. अंतराळांत तसा अडथळा नाहीं. म्हणून जितक्या वेळां पुढें तितक्याच वेळां मागें दाबावें, हें तिचें तिलाच सांपडलें. दुसऱ्या दिवशीं केवळ तोंड वळविण्याचा अभ्यास, तिसऱ्या दिवशीं केवळ सरकविण्याचा. त्यांतून क्रमही ठरला: आधीं तोंड सरळ, मग रेषा सरळ, आणि सर्वांत शेवटीं पुढें जाणें.

तरीही चूक होई. तेव्हां मीं तिला थोरांच्या अडचणी सांगितल्या. १९६५ सालच्या जून महिन्यांत जेमिनी-४ यानांतील मॅकडिविट यांनीं आपल्याच अग्निबाणाच्या सुटलेल्या टप्प्याकडे यानाचें तोंड करून जोर लावला; परंतु पृथ्वीभोंवतीं फिरतांना वेग वाढविला कीं कक्षा उंचावते व फेरीस अधिक वेळ लागतो. त्यामुळें जवळ जाण्याऐवजीं अंतर वाढत गेलें, आणि जवळजवळ निम्में इंधन खर्चून त्यांस तो नाद सोडावा लागला. आपल्या इस्रोनें स्पाडेक्स मोहिमेंतील सुमारें २२० किलोंचे दोन उपग्रह जोडतांना, ते अपेक्षेपेक्षां अधिक सरकत असल्याचें दिसतांच, जोडणी पुढें ढकलली. नंतर ते तीन मीटरपर्यंत जवळ आणूनही पुन्हा मागें नेले. आणि १६ जानेवारी २०२५ रोजीं ते जोडले गेले. मागें येणें म्हणजे हरणें नव्हे, हें तिला त्यावरून पटलें.

सुटी संपण्याच्या आदल्या रात्रीं यान स्थानकाजवळ पोंचतां पोंचतां तिरकें झालें. माझे हात शिवशिवले, पण मीं ते सोडले नाहींत. तिनें यान थांबविलें, मागें नेलें, सरळ केलें आणि हळूच पुन्हा पुढें आणलें. जुळलें! माझ्याकडे वळून तिनें एवढेंच विचारलें, "आजोबा, आतां तुम्हांला शिकवूं का?"

मी नवशिक्याच्या खुर्चीवर बसलों. तिनें दोन्ही हात पाठीमागें बांधले. श्रोतेहो, त्या रात्रीं माझें यान तीन वेळां आदळलें. तिनें माऊसला एकदांही हात लावला नाहीं.