सुरबानानांचा ठराव

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत तुम्हांला पाठ आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्याले, हे शाळेतलं मूलही सांगेल. मला आजची मिनिटं हवी आहेत ती तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या त्या लहानशा महाडच्या नगराध्यक्षांसाठी, सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासाठी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो आपलासा केला. सत्याग्रहाच्या तीन वर्षं आधी! ही तारीख निसटते, म्हणून पुन्हा सांगतो: जानेवारी १९२४.

कोणी म्हणेल, ठराव कागदावरच राहिला. राहिला, कबूल. पण ठराव हा विहिरीवरच्या दोरासारखा असतो. दोर आपण होऊन पाणी वर आणत नाही. घागर बांधायला आणि तळहात सोलवटेपर्यंत ओढायला माणसं लागतात. ती १९२७ मध्ये आली, आणि त्यांनी मारही खाल्ला. तरी दोर होता म्हणूनच ‘नगरपालिकेनेच तळं खुलं केलंय’ असं त्यांना ठणकावून सांगता आलं. आणि तो कुचकामी होता म्हणावं, तर विरोधकांनी कापायची घाई का केली? ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेला ठराव रद्द करावा लागला. जवळपास दहा वर्षं कोर्टकज्जा चालला आणि तळ्यावर फक्त आमचीच वहिवाट, हा सवर्णांचा दावा मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात फेटाळला गेला.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: लढले दलित, मग श्रेय सवर्ण अध्यक्षाला का? लढ्याचं श्रेय त्यांचंच. त्यातला कणही मी मागत नाही. मी बोलतोय ते नगराध्यक्षाच्या खुर्चीबद्दल. आपण तिची किंमत गटारांवर आणि रस्त्यांवर करतो, सभेची इतिवृत्तं उघडूनही पाहत नाही. अहो, जानेवारी १९२४ चा तो ठराव अशाच एका सभेत झाला! आणि नाना तेवढ्यावर थांबले नाहीत. ठराव रद्द झाला तरी त्यांनी बाबासाहेबांची साथ सोडली नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्याच स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत गेले. याच पक्षाने तिथे खोती ही जमीनदारी पद्धत नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या कुळांच्या दृष्टीने ते केवढं मोठं पाऊल होतं, ते सांगायचं होतं, पण वेळ संपत आली आहे. तेवढं तुम्हीच शोधून वाचा.