चावी कुणाकडे? घाटघरच्या नव्या मंडळीसाठी थोडं

मागच्या भागानंतर घाटघरहून एका तरुणाचा व्हॉइस मेसेज आला. चार-पाच कुटुंबं दर रविवारी एका घरात उपासनेला जमतात. आता 'व्यवस्थित मंडळी' करायचीय, तर आधी काय? साउंड सिस्टीम, जागा, की पाळक? मागे पाऊस इतका कोसळत होता की मेसेज मला तीनदा ऐकावा लागला.

माझं उत्तर सांगतो. आधी ठरवा, चावी कुणाकुणाकडे राहणार.

मी ज्या मंडळीत वाढलो, तिथे सगळं पाळकसाहेबांकडे होतं. दाराची चावी, अर्पणाची पेटी, बाप्तिस्म्याचं रजिस्टर. कोण आजारी आहे, कुणाच्या घरात बोलणं बंद आहे, हेही त्यांच्याच डोक्यात. माणूस सोन्यासारखा. एका रात्री त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढे दोन महिने रविवारी आम्ही दोन गीतं म्हणायचो आणि घरी जायचो. बँकेतले पैसे निघेनात, कारण सही एकट्याची. त्यांच्याच औषधाला मंडळीचे पैसे देता आले नाहीत. ते मला अजून लागतं.

मोशेला हेच त्याच्या सासऱ्याने सांगितलं होतं, निर्गमच्या 18व्या अध्यायात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करतोस, तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. घाटघरला हजार कुठून आणणार? पण दहा माणसांची विचारपूस करणारा एक, एवढं जमतं.

आणि निवड कशी करायची, तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, अशी तक्रार आली. मग जे सात जण निवडले त्यांची नावं बघा. स्तेफन, फिलिप्प, सगळी ग्रीक नावं! म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटप बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती गेलं. आपल्याकडे कमिटीत कोण असतं? ज्याच्या घरात उपासना, तो आणि त्याचे दोन भाऊ. लांबच्या वाडीवरून चिखल तुडवत येणाऱ्या मावशीला कुणी विचारतं का? तिला घ्या. बायकांशिवायची कमिटी तर करूच नका, निम्मं काम त्याच करतात.

बाहेरचा पाळक बोलवायची घाई नको. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली 1854 मध्ये. तेवीस वर्षं! त्याच सुमारास मिशनच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः करावा. तुम्ही तेवीस वर्षं थांबू नका, पण कालच विश्वासात आलेल्याला आज वडील करू नका. पौलानेही तीमथ्याला तसंच बजावलंय.

आता हिशेब. तुमच्या गावाजवळच नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीच्या लेखात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, ते आकड्यांसकट कोरलंय. दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतं. आपल्या मंडळीचं मागच्या नाताळचं अर्पण किती, हे यंदा सांगता येईल? पेटी दोघांनी उघडायची, तिथेच मोजायची, वहीत लिहून दोघांनी सही करायची. बँकेत खातं दोन सह्यांचं. जागा घ्यायची वेळ आली की धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी करा आणि जमीन ट्रस्टच्या नावावर घ्या, कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नको. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्टही द्यायचा. ते राहून जातं आणि मग पोरं कोर्टात भेटतात.

एक राहिलं. शहरातल्या मंडळीचं वेळापत्रक आणून चिकटवू नका. आवणीच्या दिवसांत माणसं खाचरात असतात, सकाळी दहाला कोण येणार? तेव्हा उपासना रात्री ठेवा, वाडीवाडीत. कामाला नारायणगावकडे उतरलेल्या पोरांना फोन कोण करणार, तेही नावानिशी लिहा.

तर मित्रा, या रविवारी एवढंच कर. कागदावर सगळी कामं लिही आणि प्रत्येकापुढे दोन नावं, एक करणारा आणि एक शिकणारा. जिथे दोन्हीकडे तुझंच नाव येईल तिथे गोल कर आणि मला फोटो पाठव. आवणी उरकली की मी वर येतो, गोलांवर बसून बोलू.