डुकरांच्या कळपातील नवागत



'बळी तो कान पिळी' ही म्हण माणसांच्या व्यवहारावर बेतलेली असली, तरी तिचा शब्दशः प्रत्यय डुकरांच्या वाड्यात येतो. एकाच दोणीवर महिनोन् महिने निमूट नांदणाऱ्या चारपाच थोराड जनावरांत दोन कोवळी पिले आणून सोडली, की प्रथम क्षणभर शांतता पसरते. नाके पुढे होतात, हुंगणे चालते. मग एखादी वडीलधारी डुकरीण खांद्याला खांदा भिडवते आणि पाहता पाहता नवागताचा कान तिच्या दातांत सापडतो. पाहणाऱ्यास हे निव्वळ क्रौर्य वाटते. वस्तुतः तेथे एक प्रश्न विचारला जात असतो : या घरात तुझी पायरी कोणती? त्याचे उत्तर मिळेपर्यंत कोणालाही चैन नसते. आणि उत्तर मिळताच, बहुधा, रक्त न सांडता दिवस जाऊ लागतात.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. गोव्याच्या खेड्यापाड्यांतून आजही अनेक घरांच्या परसात दोनचार डुकरे असतात. तांदळाचा कोंडा, पेज, स्वयंपाकघरातील उरलेसुरले यांवर ती वाढतात आणि सणासुदीला किंवा घरातील लग्नकार्याला हातात रोख रक्कम देतात. काणकोण तालुक्यातील आगोंद गावाचे नाव धारण करणारी 'आगोंद गोवन' ही जात तर देशातील नोंदणीकृत डुकरांच्या जातींत समाविष्ट झाली आहे. अशा घरी आणलेले एक पिलू म्हणजे त्या घरची बचतच होय. पहिल्याच रात्री ते जबर जखमी झाले, अथवा भीतीने दोणीकडे फिरकेनासे होऊन खंगू लागले, तर बुडते ती ती बचत.

डुकरांतील उच्चनीचतेचा आरंभ जन्माबरोबरच होतो. पिलाच्या जबड्यात उपजतच सुईसारखे आठ तीक्ष्ण दात असतात. पुढच्या सडांना दूध अधिक, म्हणून पहिल्या काही तासांतच त्यांच्यासाठी झुंबड उडते. थोड्याच दिवसांत मात्र प्रत्येक पिलाचा सड ठरून जातो आणि मग ते प्रत्येक वेळी आपल्याच सडाशी येते. भांडण करून एकदा वाटणी झाली, की त्या वाटणीचा मान राखावयाचा, हा धडा डुक्कर असा पाळण्यातच गिरवते.

मोठेपणीही हाच न्याय चालतो. इंग्लंडमध्ये यूबँक आणि मीझ या संशोधकांनी या विषयाचा बारकाईने अभ्यास केला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावरून असे दिसते की, अनोळखी डुकरे एकत्र आणली असता त्यांच्यातील पायऱ्या साधारणतः दोन दिवसांत ठरतात. त्यानंतर बहुतेक प्रसंगी नुसती मान वळवणे वा बाजूला सरकणे पुरेसे होते. त्याहून उद्बोधक आहे तो १९७१ मधील त्यांचा प्रयोग. कळपातील सर्वांत वरचे डुक्कर २५ दिवसांपर्यंत दूर ठेवून परत आणले, तरी त्याचे स्थान त्याला विनासायास मिळे. पण तळाचे डुक्कर अवघे तीन दिवस दूर राहिले, तरी परतताच त्याच्यावर हल्ला होई. समर्थाची आठवण कळप जपतो, दुबळ्याची तो लवकर विसरतो. आणि ज्याची आठवण कोणालाच नाही असे नवे पिलू तर या दोहोंच्याही खाली उभे असते.

मग निसर्गात नवी पिले कळपात येतात तरी कशी? स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे स्टोल्बा आणि वुड-गश या शास्त्रज्ञांनी पाळीव डुकरे मोकळ्या, झाडाझुडपांच्या आवारात सोडून त्यांचे वर्तन न्याहाळले. त्यांचा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. या आणि अशा इतर निरीक्षणांतून जे चित्र दिसते ते मनोज्ञ आहे. विण्याची वेळ जवळ आली की डुकरीण कळपापासून दूर जाते, गवत आणि फांद्या गोळा करून घरटे रचते आणि तेथेच पिलांना जन्म देते. साधारण आठदहा दिवसांनी ती पिलांना घेऊन कळपाकडे परतू लागते. पिले आईच्या मागे असतात, भावंडांच्या सोबतीने असतात, आणि पळावयास चारी दिशा मोकळ्या असतात. ओळख हळूहळू होते. म्हणून ती सहसा रक्तरंजित होत नाही.

माणूस नेमके याच्या उलट करतो. दूध तोडलेले एकटे पिलू पोत्यात घालून आणावयाचे आणि चार भिंतींच्या आत अनोळखी थोरांच्या पुढ्यात सोडावयाचे, यात आई नाही, भावंड नाही, काळ नाही आणि वाटही नाही. निसर्गाने दिलेले हे चार आधार शक्य तितके परत देणे, हेच पालकाचे कर्तव्य होय.

त्यांपैकी पहिला आधार काळाचा. नवे पिलू आणताच ते जुन्यांत सोडू नये. तीनचार आठवडे अगदी वेगळे, काही अंतरावर ठेवावे. त्याची दोण व भांडी निराळी असावीत आणि त्याची उठाठेव जुन्या जनावरांच्या नंतर करावी. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग २०२० साली आसाम आणि अरुणाचल प्रदेश येथे भारतात प्रथम निश्चितपणे आढळला. माणसाला त्याची बाधा होत नाही; परंतु डुकरांत त्यावर औषधोपचार नाही. संसर्गानंतर लक्षणे दिसावयास ४ ते १९ दिवस लागू शकतात, त्यामुळे आज टवटवीत दिसणारे पिलू उद्या सारा वाडा रिकामा करू शकते. जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला व लसीकरण याच मुदतीत उरकावे. मुदत निर्विघ्न पार पडली, की पुढचे काही दिवस मध्ये भक्कम गजांची किंवा बांबूची आड ठेवून दोघांना शेजारी राहू द्यावे. वास ओळखीचा होतो, आवाज ओळखीचा होतो. थोडी गुरगुर आडेपलीकडूनच होऊन जाते.

दुसरा आधार सोबतीचा. एकट्या पिलावर सगळ्यांचा रोख येतो. एकमेकांची ओळख असलेली दोनतीन पिले बरोबर असली तर तो विभागला जातो. शिवाय अगदी लहान पिलू पूर्ण वाढलेल्या जनावरांत सोडणे हा जुगार आहे. ते अंगापिंडाने जरा भरेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

तिसरा आधार वाटेचा, आणि खरे मर्म येथेच आहे. हरलेल्याला हार कबूल करता आली पाहिजे. डुकराच्या भाषेत ती कबुली म्हणजे पाठ फिरवून दूर जाणे. अरुंद खोपटात पिलू पाठ फिरवते, परंतु दूर जाऊ शकत नाही; जेत्याला वाटते, याने अजून मानले नाही, आणि मार चालूच राहतो. म्हणून नवी जागा मोठी असावी, तीत आडोसे असावेत, आणि लहानांना शिरता येईल पण थोरांना येणार नाही अशी एखादी फट कुंपणात ठेवावी. अन्नही एका दोणीत न घालता चारपाच ठिकाणी, दूरदूर वाढावे.

हे सारे संध्याकाळच्या गारव्यात, पोटभर खाऊ घातल्यावर आणि पायांखाली मुबलक पेंढा पसरून करावे. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही; कोकणातील दुपारी झुंजणारे जनावर जखमेपेक्षा उष्म्यानेच दगावण्याचा संभव अधिक. जुन्या जनावरांचेच घर रणभूमी करण्यापेक्षा सर्वांनाच नव्या जागी नेणे बरे, म्हणजे घरच्या मालकीचा अभिमान कोणालाच राहत नाही. गुंगीचे औषध देण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने भांडण बहुधा मिटत नाही, पुढे ढकलले जाते.

आईचा चौथा आधार मात्र पालकालाच व्हावे लागते. पहिले दोन दिवस त्याने डोळा ठेवावा आणि ओरखडे वाचावयास शिकावे. खांद्यावर व कानांवर ओरखडे असतील तर जनावर तोंडाला तोंड देऊन लढले आहे. मागच्या अंगावर असतील तर ते पळत असताना मार खात आहे, म्हणजे त्याला वाट अपुरी पडते आहे. किरकोळ झटापटीत हात घालू नये. रक्त वाहू लागले, पिलू धापा टाकू लागले किंवा अन्नाला शिवेनासे झाले, तरच वेगळे करावे; आणि तेही आडेपलीकडे, नजरेसमोर. तळाच्या जनावराला कळप तीन दिवसांत विसरतो, हे लक्षात असू द्यावे.

मोठ्या व्यवसायालाही हा धडा घ्यावा लागला आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०१३ पासून गाभण डुकरिणींना गाभणकाळाच्या बहुतांश भागात गटाने ठेवणे बंधनकारक झाले. दाटीवाटी होऊ नये म्हणून प्रत्येक थोर डुकरिणीमागे सामान्यतः २.२५ चौरस मीटर आणि पहिलटकरणीमागे १.६४ चौरस मीटर जागेचा दंडक घालून देण्यात आला. पहिलटकरणींना जुन्या डुकरिणींत कसे मिसळावे, हा तेथील वराहशाळांचा नित्याचा प्रश्न आहे. आणि परसात दोन जनावरे पाळणाऱ्या गोमंतकीय गृहिणीच्या प्रश्नाहून तो मुळात निराळा नाही.

बळी कान पिळणारच. ते बंद करणे पालकाच्या हाती नाही. पण ज्याचा कान पिळला जातो त्याला मागे सरावयास चार पावले जागा ठेवणे, हे सर्वस्वी त्याच्याच हाती आहे. तेवढी जागा मिळाली, की दोनतीन रात्रींनंतर एका सकाळी थोराड डुकरिणीच्या पोटाला टेकून नवे पिलू पेंढ्यात निवांत झोपलेले दिसते, आणि त्या घरची बचत शाबूत राहते.