खारे पाणी आणि विजेची नाव

केरळात वैकोम आणि तवणक्कडवू या दोन धक्क्यांच्या दरम्यान जानेवारी २०१७ पासून एक नाव उतारूंची ने-आण करू लागली. 'आदित्य' हे तिचे नाव. छपरावर सूर्यघटांचे तक्ते, पोटात विद्युत्‌घटांची माला, २० किलोवॉटच्या दोन मोटारी आणि बसायला ७५ माणसे. पुढे एप्रिल २०२३ मध्ये कोचीत विजेच्या नावांची जलमेट्रो सुरू झाली. अशा नावेत डिझेलचा वास नसतो, शेजारच्याशी बोलताना ओरडावे लागत नाही. पण श्रोतेहो, या शांततेच्या तळाशी एक जुने भांडण मिटवावे लागते. ते भांडण उष्णतेचे आणि मिठाचे आहे, आणि आज त्याच्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

विजेची मोटार डिझेल इंजिनासारखी तापत नाही, हे खरे. तरीही २० किलोवॉट वीज घेणाऱ्या मोटारीने शेकडा नव्वद टक्के शक्तीचे काम केले, तर उरलेल्या दहा टक्क्यांची, म्हणजे २ किलोवॉटची उष्णता होते. घरातल्या दोन विजेच्या शेगड्या एका कोंदट खोलीत अखंड पेटत ठेवाव्यात, तसाच हा प्रकार. तारांच्या वेटोळ्यांवरील विद्युत्‌रोधक लेपाचे आयुष्य तपमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. शिवाय आजच्या मोटारींत निओडिमियमचे जे प्रबळ चुंबक बसवितात, ते फार तापले तर आपले चुंबकत्व कायमचे गमावतात. मग खाडीच्या मध्यावर, ओहोटीच्या ओढीत, मोटार गप्प होणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगावयास नको.

ही २ किलोवॉट उष्णता वाऱ्याने काढावयाची, आणि वारा दहाच अंश तापू द्यावयाचा, तर मिनिटाला सुमारे दहा हजार लिटर हवा खेळवावी लागेल. पाण्याने काढावयाची तर तीन लिटर पुरे. म्हणजे पाण्याला पर्याय नाही. आणि नावेखाली तर पाणी अथांग पसरलेले. तेच ओढून मोटारीभोवती का फिरवू नये?

बऱ्याच डिझेल इंजिनांत असेच करीत आले आहेत. परंतु तेथे बिडाच्या जाड भिंती असतात. विजेच्या मोटारीचे आवरण बहुधा ॲल्युमिनियमचे, आणि त्यातील पाण्याच्या वाटा अरुंद. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी वीज उत्तम वाहून नेते. त्यात दोन भिन्न धातू एकमेकांना जोडून बुडवले की आपोआप एक विद्युत्‌घट तयार होतो, आणि त्यांतला दुबळा धातू विरघळू लागतो. ॲल्युमिनियमच्या आवरणाला तांब्याची नळी जोडली तर झीज ॲल्युमिनियमची होते. साधी पितळेची चकतीदेखील या पाण्यात टिकत नाही. तिच्यातील जस्त निघून जाते आणि मागे तांबूस, सच्छिद्र सांगाडा राहतो. तो दिसावयास शाबूत, पण पिळला की भुगा. त्यातून पाणी तापले की चुनखडीचे पुट बसते, आणि कालवांच्या पिलांना तर गाळणीच्या आतली जागा फार आवडते.

दुबळ्या धातूच्या या स्वभावाचा उपयोग करून घेण्याची युक्ती मात्र दोनशे वर्षांची जुनी आहे. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला मारलेले तांब्याचे पत्रे समुद्रात खंगत होते. १८२४ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी त्या पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबे वाचले. गंमत पुढेच आहे. तांबे विरघळत होते म्हणूनच त्याचे विष शेवाळाला व शंखशिंपल्यांना दूर ठेवीत होते. तांबे वाचताच तळावर शिंपल्यांची वस्ती झाली, जहाजे मंदावली आणि आरमाराने ते तुकडे काढून टाकले. शास्त्र बरोबर होते, तरी समुद्राने हिशेब दुसऱ्याच वहीत मांडला होता.

आज सर्वांत भरवशाची वाटते ती दोन पाण्यांची रीत. मोटारीच्या अंगातून गोडे, शुद्ध पाणी फिरते. त्यात ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्य मिसळलेले असते. हे पाणी बंद वाटेने फिरते आणि आपली उष्णता एका उष्णता-विनिमयकात सोडते. त्याच्या दुसऱ्या बाजूने खारे पाणी वाहते. तेथील नळ्या तांबे-निकेलच्या किंवा टायटॅनियमच्या करतात. मोटारीला मिठाचा स्पर्शही होत नाही. माझी स्वतःची पसंती याहूनही साध्या प्रकाराला आहे: गोड्या पाण्याची नळीच नावेच्या तळाबाहेर काढून समुद्रात बुडती ठेवावयाची. मग खाऱ्या पाण्याचा पंप नको, गाळणी नको, गाळ आत येण्याची भीती नको. अर्थात् उथळ, खडकाळ बंदरात ती नळी ठेचकाळेल, आणि तिच्यावर शेवाळ चढले की खरवडावे लागेल, एवढे मान्य केले पाहिजे.

विजेच्या नावेला आणखी एक शत्रू आहे, आणि तो बाहेरचा नव्हे. घटमालेचा प्रवाह कोठेतरी पाझरला आणि धातूमधून पाण्यात उतरला, तर झीज कैक पटींनी वाढते. एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून खाऱ्या पाण्यात जात राहिला तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळते. म्हणून घटमालेच्या दोन्ही तारा नावेच्या सांगाड्यापासून अलग ठेवतात आणि विद्युत्‌रोध वारंवार मोजतात.

राहिली डेव्हीची वडी. खुल्या समुद्रात जस्ताची वडी चालते. पण खाडीत, जेथे पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे होते, तेथे जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते काम सोडते. अशा पाण्यात ॲल्युमिनियमच्या खास मिश्रधातूची वडी लावणे बरे. नाव रंगविताना या वडीवरही हौसेने कुंचला फिरविला जातो. तसे करू नये, कारण रंगविलेली वडी झिजत नाही आणि न झिजणारी वडी कोणाचेच रक्षण करीत नाही. निम्मी झिजली की बदलावी. आणि वर्षाने नाव ओढून काढल्यावर ती नव्यासारखी कोरी दिसली, तर मालकाने खूष न होता आधी तिच्या जोडाची तार तपासावी.