ते गेलेत, हे आधी सांगा
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्यातले बरेच जण सत्तरी ओलांडलेले आहेत, आणि आयसीयूच्या बाहेरचा बाक कुणाला चुकलेला नाही.

मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे. कोमातला माणूस जिवंत असतो. मेंदूचं खोड कायमचं निकामी झालं की स्वतःचा श्वास थांबतो. व्हेंटिलेटर हवा भरतो म्हणून छाती हलते, हृदय काही काळ चालतं, अंग गरम लागतं. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ निदान खात्रीने ठरवतं. किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या होतात. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या चौघांत नसतो.

हे सगळं कागदावर चोख आहे. अडतं ते सांगण्यात.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान असेच गेले. पहिले डॉक्टर उभ्या उभ्या म्हणाले, "ब्रेन डेड आहेत, पण लाइफ सपोर्टवर ठेवलंय." बहिणीच्या कानात शिरलं ते फक्त 'लाइफ'. तिने विचारलं, "मग शुद्धीवर कधी येतील?" तेवढ्यात दुसरे गृहस्थ अवयवदानाचं बोलायला हजर! ती माझा हात धरून म्हणाली, "दादा, हे लोक यांना मारायला निघालेत का?"

बँकेच्या पत्रात गुळमुळीत भाषा एक वेळ खपते. इथे नाही.

दुसऱ्या दिवशी एक डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. आधी विचारलं, "ताई, तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय?" सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते गेलेत. छाती हलतेय ती मशीनमुळे." आणि गप्प बसल्या, बहीण रडेपर्यंत. शेवटच्या तपासणीला भाच्याला आत उभं केलं. नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढला होता. कितीतरी मिनिटं छाती हलली नाही. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "मामा, बाबा नाहीयेत."

दानाचा विषय निघाला तो संध्याकाळी, समन्वयकांकडून. नकार दिलात तरी चालेल, असंही त्यांनी सांगितलं. बहिणीने मूत्रपिंडं आणि डोळे द्यायला होकार दिला. पण दिला नसता तरी त्या बाईंचं काम मी उत्तमच म्हटलं असतं.

तेव्हा कुणावर अशी वेळ आलीच, तर संकोच न करता विचारा: माणूस आहे की गेला? दोन्ही तपासण्या किती वाजता झाल्या? घरच्या एखाद्याला पाहू द्याल का?