सय्यदची गोष्ट, आणि अमीराचीही

(सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सल्ला केंद्रांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ठरला तेव्हा एकदोघींनी मला विचारलं, की हुंडा, मारहाण, पोटगी हे सगळं सोडून मालिकेतल्या एका पात्रावर कशाला बोलायचं? प्रश्न रास्त आहे. पण आपल्या केंद्रावर येणाऱ्या बायका दिवसभर राबून रात्री घटकाभर बसतात त्या मालिका बघायलाच. लग्न, सासर, घराण्याची अब्रू यांचे धडे तिथे रोज गिरवले जातात. आज मी सांगणार आहे ती मालिका आपल्याकडची नाही, पण त्यातलं घर तुम्हाला ओळखीचं वाटेल.

ब्रिटनमध्ये बीबीसीवर 'ईस्टएंडर्स' ही मालिका १९८५ पासून चालू आहे. पूर्व लंडनमधल्या एका वस्तीची गोष्ट. त्यात मसूद हे पाकिस्तानी वंशाचं मुस्लिम कुटुंब आहे. आई झैनब, ही भूमिका मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया यांनी केली. २००९ मध्ये या घरातला मुलगा सय्यद मालिकेत आला. नमाजी, आईचा लाडका, घर सावरेल अशी आशा असलेला. अमीरा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरतं. आणि त्याच वस्तीत राहणाऱ्या ख्रिश्चन नावाच्या पुरुषावर त्याचं प्रेम बसतं. ख्रिश्चन हे त्या माणसाचं नाव.

सय्यद प्रेम नाकारतो, परत त्याच्याकडे जातो, परत नाकारतो. आईला सगळं कळतं. ती गप्प बसते आणि लग्न लावून देते. १ जानेवारी २०१० च्या भागात सय्यद आणि अमीराचं लग्न झालं. पुढे सत्य बाहेर आलं, घर फुटलं, अमीरा निघून गेली. सय्यदने आपण 'बरे' व्हावं म्हणून उपचारही करून पाहिले. शेवटी त्याने ख्रिश्चनबरोबर राहायचं ठरवलं, आणि २०१२ च्या अखेरीस दोघं ती वस्ती सोडून गेले.

या कथेवर तिथे खूप चर्चा झाली. काही मुस्लिम प्रेक्षकांना राग आला, काहींनी 'ही माझीच गोष्ट' असं म्हटलं. चर्चा बहुतेक एकाच प्रश्नावर फिरत राहिली: सय्यदने घर निवडावं की प्रेम? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. या घरात दोन बायकाही आहेत, त्यांना निवड कोणी दिली होती का?

आधी झैनबबद्दल बोलू. तिला खलनायिका ठरवणं सोपं आहे. पण ही बाई परक्या देशात, परक्या वस्तीत संसार उभा करते आहे. तिच्या हातात सत्ता म्हणाल तर एकच, मुलांची लग्नं आणि घराची अब्रू. ती अब्रू गेली तर बिरादरीत जाब तिलाच विचारला जाणार. 'आईने काय वळण लावलं?' हा प्रश्न बापाला कोणी विचारत नाही. आपल्या मिरजेत, इस्लामपुरात, कऱ्हाडात, फलटणमध्ये मराठा घर असो, लिंगायत असो, जैन असो की मुसलमान असो, हा प्रश्न आईलाच विचारतात. घराण्याच्या अब्रूची चौकीदार बाईला नेमलेलं असतं. पगार नसतो, पण चुकारपणाची शिक्षा असते.

मुसलमान घराबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरून मिरज-सांगलीत दंगल पेटली, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. अशा काळात मोहल्ला आणि नातेवाईक हाच आधार असतो. रात्री दार वाजलं तर धावून येणारी तीच माणसं. त्या आधारातून बाहेर पडणं म्हणजे घर सोडणं आणि संरक्षणही सोडणं. त्या पोराला किंवा पोरीला उद्या मोहल्ल्याबाहेर कोणी खोली भाड्याने देईल का? नाव ऐकूनच नकार येतो. म्हणून 'धाडस करून घर सोड' असा सल्ला देण्याआधी त्या माणसाची दुहेरी कोंडी समजून घ्यावी लागते. 'बघा, त्यांच्या धर्मात असंच असतं' असं म्हणत ही गोष्ट मुसलमानांवर उगारायची काठी करणाऱ्यांना तर आपण साफ सांगायला हवं, की आपापल्या घरातल्या सय्यदला आधी शोधा. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. आतून बदल मागणारी माणसं याही समाजात आहेत, त्यांच्या बाजूला उभं राहणं हे आपलं काम.

आता अमीरा. मला या कथेत सर्वात जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दल. तिला कोणी काही सांगितलं नाही. नवऱ्याला माहीत होतं, सासूला माहीत होतं. तिचा संसार म्हणजे दुसऱ्याच्या गुपितावर घातलेलं झाकण. आपल्या केंद्रांवर अशा अमीरा येतात, पण त्या हे नाव घेऊन येत नाहीत. त्या 'मूल होत नाही' म्हणून येतात. कऱ्हाड भागातली एक बाई (गाव सांगत नाही) चार वर्षं देवऋषी, दर्गा, दवाखाना फिरून आली होती. सासू तिला वांझ म्हणायची. नवरा तिच्याजवळ आलाच नव्हता, हे ती कोणाला सांगणार? लाज वाटते, आणि सांगितलं तर 'तुलाच नवरा बांधून ठेवता येत नाही' हे ऐकावं लागतं. तिच्या नवऱ्याशी बोलल्यावर कळलं, की त्याने लग्नाआधी आईच्या पाया पडून 'मला लग्न नको' म्हटलं होतं. आईने विषाची बाटली समोर ठेवली होती.

एका खोट्या लग्नात असे दोन जीव भरडले जातात. आणि विष घेण्याची धमकी देणारी आईही सुखात नसते. म्हणून 'लग्न झालं की सुधारेल' हे वाक्य आपल्या केंद्रात कोणाच्याही तोंडून निघालं की तिथेच थांबवलं पाहिजे. मुलगा सुधारायला कोणाची तरी लेक वापरायची, हा हिशोब आपण कसा मान्य करायचा?

अमीराला कायद्यात काय वाट आहे? मुस्लिम बाईला १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानुसार कोर्टात जाता येतं. नवऱ्याने योग्य कारणाशिवाय तीन वर्षं वैवाहिक कर्तव्यं पाळली नाहीत, हे त्यातलं एक कारण आहे. खुलाचा मार्गही आहे. मात्र 'खुला घे आणि मेहेर सोड' अशी घाई नातेवाईक करतात, तेव्हा मेहेर हा तिचा हक्क आहे हे सांगून मगच बोलणी करावी. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. हा एक वर्षाचा मुद्दा वहीत लिहून ठेवा. बाया 'बघू, सुधारेल' म्हणत वर्ष घालवतात आणि दार बंद होतं.

आणि जिथे सय्यद ही मुलगी असते तिथे काय? मुलग्याला निदान पुण्या-मुंबईला नोकरीच्या निमित्ताने निसटता येतं. मुलीचं कॉलेज बंद होतं, मोबाइल काढून घेतला जातो, पंधरा दिवसांत स्थळ आणलं जातं. केरळमधल्या आदिला नसरीन आणि फातिमा नूरा या दोन मुस्लिम मुलींचं तेच झालं. घरच्यांनी नूराला जबरदस्तीने नेलं. आदिला हायकोर्टात गेली, आणि ३१ मे २०२२ रोजी केरळ हायकोर्टाने दोघींना एकत्र राहण्याची मोकळीक दिली. दोघी सज्ञान होत्या, एवढं त्या निकालाला पुरेसं होतं.

आपल्या मराठी रंगभूमीवर ही गोष्ट बरीच आधी आली. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडींनी त्यात मित्राची भूमिका केली. नाटकाच्या शेवटी मित्रा आत्महत्या करते. चेतन दातार यांनी 'एक माधवबाग' लिहिलं, त्यात तर बोलते ती आई. मुलाची डायरी हाती लागल्यावर हादरणारी आणि हळूहळू समजून घेणारी आई. पहिल्या नाटकात जगायला वाट उरत नाही, दुसऱ्यात आई वाट शोधते. सांगली ही नाट्यपंढरी. इथल्या महिला मंडळांनी 'एक माधवबाग'चं नुसतं वाचन ठेवलं तरी आयांना बोलायला तोंड फुटेल.

आणि आपला जिल्हा या बाबतीत मुका नाही. बायकी वळणाच्या मुलाला यल्लम्माला सोडून जोगता करायचं, ही दक्षिण महाराष्ट्राची जुनी तोड आहे. घराची सुटका होते, मुलाच्या वाट्याला परडी येते. याच सांगलीत 'संग्राम' आणि 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांच्या कामातून 'मुस्कान' ही पुरुष आणि तृतीयपंथी सेक्स वर्करांची संघटना उभी राहिली. ज्यांना घराने टाकलं, त्यांनी एकमेकांचं घर केलं. त्यांच्याकडून आपल्या केंद्रांना शिकण्यासारखं खूप आहे.

सातारकरणींना मी आणखी एक आठवण करून देते. २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीबाईंनी माहेरच्या नायगावहून जोतीरावांना एक पत्र लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार मुलगी यांचं प्रेम जमलं होतं, सारजा गरोदर होती. गावाने दोघांना मारत मारत वेशीपर्यंत आणलं. जमाव जिवावर उठला होता. सावित्रीबाई धावल्या, इंग्रज सरकारच्या शिक्षेचा धाक घातला आणि दोघांचे प्राण वाचवले. गाव त्यांना ठेवून घेणार नव्हतं, म्हणून त्यांची जोतीरावांकडे पाठवणी केली. आणि खुद्द फुले दाम्पत्याला १८४९ मध्ये घर सोडावं लागलं, तेव्हा आसरा दिला तो पुण्याच्या उस्मान शेखांनी. 'तुमचं प्रेम योग्य की अयोग्य' यावर सावित्रीबाईंनी आधी चर्चासत्र घेतलं नाही. आधी जीव वाचवला, मग डोक्यावर छप्पर शोधलं. सल्ला केंद्राचं काम याच क्रमाने व्हायला हवं.

तेव्हा आपण करायचं काय, ते थोडक्यात सांगते.

कायदा काय सांगतो हे पक्कं माहीत हवं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली. म्हणजे एकत्र राहणं गुन्हा नाही, पण लग्नाचं कागदी संरक्षणही नाही. ११ मार्च २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हायकोर्टांना बजावलं, की घरच्यांनी डांबलेल्या व्यक्तीचं म्हणणं एकांतात ऐका, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करू नका. कोर्टाला हे सांगावं लागतं, तर आपल्याला का नको? पालकांसमोर बसवून 'बाळा, असं करू नये' म्हणणं हे समुपदेशन होत नाही. 'बरं करून देतो' म्हणणारा डॉक्टर भेटला, तर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत, हे त्याला सांगा.

मुलीला घरात मारहाण होत असेल, कोंडून ठेवलं असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा माहेरच्या घरालाही लागू आहे. आपण तो सासरपुरताच वापरत आलो.

आई आली तर तिला परत पाठवू नका. तिचं रडणं ऐका, तिला दुसऱ्या अशा आईशी जोडून द्या. आणि मुलाचं लग्न ठरवत असेल, तर तिला सरळ विचारा: त्या मुलीला हे सांगणार आहात का? उत्तर 'नाही' असेल तर आपली बाजू ठरलेली आहे. मात्र मुलाचं गुपित त्याच्या परवानगीशिवाय फोडायचं नाही. त्याला बळ द्यायचं, की लग्नाला त्याने स्वतः नकार द्यावा. या दोन गोष्टी एकत्र सांभाळणं अवघड आहे. दुपारच्या गटचर्चेत यावरच बोलू.

घर की प्रेम, हा प्रश्न माणसासमोर ठेवणारेच घर आणि प्रेम यांच्यात भिंत बांधतात. सय्यदला दोन्ही हवं होतं. अमीरालाही दोन्ही हवं होतं. त्यात जगावेगळं काय मागणं होतं?